राजे ठेवले, राज्यं काढून घेतली : हान घराणं, जहागिरी आणि केंद्रसत्ता

गोदातीर :

चीनचा विषय निघाला की इथली चर्चा बहुतेकदा पहिल्या सम्राटाचं मातीचं सैन्य आणि ती लांबलचक भिंत इथवर येऊन थांबते. मला त्यानंतरचं शतक जास्त ओढून घेतं. एवढा अफाट मुलूख एका दरबारातून चालवायचा की भाऊबंदांना वाटून द्यायचा, याचा निकाल त्या शतकात लागला. आणि तो कुणा एका शहाण्याच्या डोक्यातून निघाला नाही. जरा सविस्तर लिहितो.

इ.स.पू. २२१ मध्ये चिन राज्याने शेवटचा प्रतिस्पर्धी, म्हणजे छी राज्य, जिंकलं. त्याच वर्षी दरबारात वाद झाला. प्रधान वांग वानचं म्हणणं असं की यान, छी आणि छू हे मुलूख फार लांब पडतात, तिथे राजपुत्रांना राजे म्हणून बसवलं नाही तर ते हातात राहणार नाहीत. बाकीच्या मंत्र्यांनी माना डोलावल्या. न्यायखात्याच्या प्रमुखाने, ली सने, एकट्याने विरोध केला. तो म्हणाला, आपल्याआधीच्या जोउ घराण्याने हेच केलं होतं. नातलगांना मुलूख दिले, पुढच्या पिढ्यांत नाती पातळ झाली आणि तीच माणसं एकमेकांवर वैऱ्यासारखी तुटून पडली, जोउ राजाला ते थांबवता आलं नाही. सम्राटाने ली सचं ऐकलं. देशाचे ३६ प्रांत झाले, त्यांना जुन म्हणत. प्रत्येक प्रांतावर एक कारभारी, एक सेनाधिकारी आणि एक तपासनीस. तिघेही दरबाराने नेमलेले, दरबार हटवेल तेव्हा हटणारे. बापाची जागा मुलाला मिळणं बंद.

रचना चोख होती. पण ती राबवायला माणसं कुठे होती? हुनानमधल्या लीये गावी २००२ साली एका जुन्या विहिरीत चिनकाळातल्या हजारो लाकडी पट्ट्या सापडल्या. चियानलिंग नावाच्या आडबाजूच्या तालुक्याचं ते दफ्तर. त्यात एका पट्टीवर कचेरीचा हिशेब आहे : मंजूर जागा १०३, हजर माणसं ५१. काही जागा भरलेल्याच नाहीत, बरेच जण कामगिरीवर बाहेर. वरिष्ठ अधिकारी तीन हवेत, त्यातल्या दोन जागा रिकाम्या. हे वाचलं की वांग वानची काळजी पटते. ली सचं तत्त्व बरोबर होतं, पण ते तत्त्व चालवणारे निम्मे कारकून जागेवर नव्हते.

इ.स.पू. २१० मध्ये सम्राट गेला, २०९ मध्ये बंड पेटलं, २०६ पर्यंत घराणं संपलं. विजेत्या श्यांग यूने देश अठरा राजांत वाटला आणि वाटणी पुरी होते न होते तोच लढाया सुरू झाल्या. त्या अठरांतला एक ल्यू बांग, पुढचा हान सम्राट.

याच काळातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. इ.स.पू. २०४. ल्यू बांग शिंगयांगला श्यांग यूच्या कोंडीत सापडलेला. एका विद्वानाने सल्ला दिला, चिनने बुडवलेल्या सहा राज्यांच्या वारसांना पुन्हा गादीवर बसवा, ते उपकार स्मरून तुमच्या बाजूने लढतील. ल्यू बांगला पटलं, शिक्के कोरायला सांगितलेसुद्धा. तेवढ्यात त्याचा सल्लागार जांग ल्यांग आला. ल्यू बांग जेवत होता. जांग ल्यांगने त्याच्याच पुढ्यातल्या जेवायच्या काड्या उचलल्या आणि एकेक कारण मोजून दाखवायला लागला. सगळ्यांत टोकदार कारण असं : तुमच्याबरोबर घरदार, आईबापांच्या समाध्या सोडून आलेली ही माणसं कशाच्या आशेवर आहेत? वीतभर जमिनीच्या. सहा राज्यं जुन्या वारसांना देऊन टाकलीत तर यांना द्यायला काय उरलं? हे आपापल्या जुन्या धन्याकडे परत जातील. ल्यू बांगने तोंडातला घास थुंकला, त्या विद्वानाला शिवी हासडली आणि शिक्के वितळवायला लावले.

जहागिरी वाईट असं जांग ल्यांग म्हणत नव्हता. त्या कुणाला द्यायच्या आणि कुणाच्या जोरावर लढाई जिंकायची, एवढाच त्याचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी ल्यू बांगचा सेनापती हान शिन याने छी जिंकून "मला इथला हंगामी राजा करा" असा निरोप धाडला, तेव्हा याच जांग ल्यांगने ल्यू बांगच्या पायावर पाय देऊन त्याला होकार द्यायला लावला.

इ.स.पू. २०२ मध्ये ल्यू बांग सम्राट झाला तेव्हा परक्या कुळातले सात राजे त्याला मान्य करावे लागले. पुढच्या सात वर्षांत छांगशाचा राजा सोडून बाकी सगळे गेले. कुणी मारले गेले, कुणी उत्तरेकडच्या श्युंगनू या भटक्या टोळ्यांकडे पळाले. त्यांच्या जागी त्याने स्वतःचे मुलगे, भाऊ, पुतणे बसवले आणि ल्यू कुळाबाहेरचा कुणी राजा झाला तर सगळ्यांनी मिळून त्याला बुडवावं अशी पांढऱ्या घोड्याच्या बळीची शपथ घेतली गेली. त्याच्या मृत्यूच्या वेळी, इ.स.पू. १९५ मध्ये, सम्राटाच्या थेट ताब्यात १५ प्रांत होते. पूर्वेचा सुपीक, दाट वस्तीचा भाग राजांकडे. थोरला मुलगा ल्यू फेई याच्या एकट्या छी राज्यात सत्तरहून जास्त शहरं. हे राजे स्वतःचे अधिकारी नेमत, कर घेत, सैन्य बाळगत. दरबाराकडून फक्त मुख्य प्रधान आणि राजगुरू येत.

माझं मत स्पष्ट सांगतो. याला अनेक पुस्तकांत 'चिनचा अतिरेक आणि जोउचा सैलपणा यांतला मध्यममार्ग' म्हटलेलं दिसतं. मला ते पटत नाही. ल्यू बांगकडे पूर्वेचा मुलूख चालवायला विश्वासू अधिकारी नव्हते, म्हणून त्याने रक्ताची माणसं वापरली. त्या राजांनी हान दरबाराला जी साठ-सत्तर वर्षं मिळवून दिली, त्यांत दरबाराने अधिकाऱ्यांची फळी उभी केली आणि मग त्याच राजांना आतून रिकामं केलं. समतोल हा शब्द वापरायचाच तर तो सतत एका बाजूला सरकत जाणारा समतोल होता.

हे रिकामं करणं कसं झालं ते थोडक्यात. सम्राट वन-तीच्या काळात ज्या यी नावाच्या तरुण विद्वानाने अर्ज लिहिला : देशाला सूज आली आहे, पिंढरी कंबरेएवढी झाली आहे, बोट मांडीएवढं. उपाय काय, तर राज्यं काढून घेऊ नका, राज्यांची संख्या वाढवा आणि प्रत्येकाची ताकद घटवा. राजाला जितके मुलगे तितके तुकडे. ज्या यी इ.स.पू. १६८ मध्ये गेला, पस्तिशीही न गाठता. चार वर्षांनी वन-तीने छीचे सहा आणि ह्वायनानचे तीन तुकडे केले.

पुढचा सम्राट जिंग-ती याच्या काळात त्याचा मंत्री छाओ छुओ याने घाई केली. त्याचं म्हणणं, राज्यं छाटली तरी बंड होणार, नाही छाटली तरी होणार. आज छाटली तर बंड लवकर होईल आणि लहान असेल, उद्यावर टाकलं तर उशिरा होईल आणि मोठं असेल. इ.स.पू. १५४ मध्ये वू, छू, झाओ आणि छीच्या तुकड्यांपैकी चार अशी सात राज्यं उठली. तीन महिन्यांत ती मोडली. इ.स.पू. १४५ मध्ये राजांचा कारभाराचा अधिकारच काढला, अधिकारी सम्राट नेमू लागला. इ.स.पू. १२७ मध्ये त्यानंतरचा सम्राट वू-ती याने जूफू यानच्या सल्ल्याने 'कृपेचा विस्तार' नावाचा हुकूम काढला : राजाने थोरल्यालाच सगळं न देता धाकट्यांनाही वाटे द्यावेत. ते वाटे राज्यातून निघून शेजारच्या शाही प्रांताखाली यायचे. धाकटे खूश, आणि त्यांना नाही म्हणणारा राजा निष्ठुर बाप ठरणार. तलवार न उपसता राज्यं पिढीगणिक आटत गेली.

पुढचं प्रतिसादांत बोलू. वेगळी मतं जरूर मांडा.

शिलालेख :

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. लीयेच्या पट्ट्यांचा उल्लेख केलात म्हणून भर घालतो.

हुबेईतल्या जांगज्याशान इथल्या २४७ क्रमांकाच्या थडग्यात हान कायद्यांच्या बांबूपट्ट्या मिळाल्या. कायदे इ.स.पू. १८६ च्या सुमाराचे, म्हणजे ल्यू बांगच्या विधवेच्या, सम्राज्ञी ल्वीच्या अमलातले. त्यातलं फितुरीचं पहिलंच कलम बघा : जो गढी किंवा चौकी घेऊन उलटेल आणि राजांना जाऊन मिळेल, किंवा राजांची माणसं चालून आली असता ठाणं न लढवता सोडेल, त्याचे कंबरेतून दोन तुकडे. हे राजे म्हणजे सम्राज्ञीचेच दीर, सावत्र मुलगे, पुतणे! कायद्याच्या नजरेत मात्र ते सरहद्दीपलीकडचे शत्रू होते.

त्याच पट्ट्यांत नदीउतार आणि घाटनाक्यांचे नियम आहेत. राजधानीच्या मुलखातले घोडे राजांच्या मुलखात खासगीत विकत न्यायला बंदी. त्यात छांगशाच्या प्रधानाचा एक अर्ज नोंदलेला आहे. तो म्हणतो, आमची जमीन सखल आणि दमट, घोड्यांना मानवत नाही, टपालाच्या ठाण्यावर चार घोड्यांची एक चौकडीसुद्धा पुरी होत नाही, तरी दहा घोडे विकत घ्यायची परवानगी द्यावी. फक्त दहा! एका राज्याचा प्रधान टपालाच्या दहा घोड्यांसाठी सम्राटाकडे अर्ज करतो. इतिहासग्रंथांत राजे स्वतंत्र होते असं वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे, पण घोडा आणि घाट यांच्या किल्ल्या दरबाराने कधीच सोडल्या नव्हत्या. तुमच्या 'राजांना आतून रिकामं केलं' या वाक्यात मी एवढंच जोडेन की बाहेरून आवळणं पहिल्या दिवसापासून चालू होतं.

मृण्मयी_के :

वूच्या ल्यू पीबद्दल कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर तो फक्त 'बंडखोर राजा' म्हणून उरतो.

हा ल्यू बांगचा पुतण्या. त्याला तीन प्रांत आणि ५३ शहरं मिळाली. मुलखात तांब्याचे डोंगर, शेजारी समुद्र. तो नाणी पाडायचा आणि मीठ काढायचा. त्या उत्पन्नावर त्याने प्रजेचा डोईकर माफ केला. दुसरीकडून पळून आलेल्यांना आसरा दिला, दुसऱ्या प्रांतांचे अधिकारी पकडायला आले तर द्यायचा नाही. चाळीस वर्षं असं चाललं. त्याची प्रजा त्याच्यासाठी लढायला का तयार झाली याचं कोडं पडत नाही.

आणि भांडणाचं मूळ फार दुखरं आहे. वूचा युवराज राजधानीत, छांगआनला, आला असताना हानच्या युवराजाशी ल्यूबो नावाचा पटाचा खेळ खेळत होता. सोंगट्यांवरून बोलाचाली झाली, हानच्या युवराजाने पट उचलून त्याच्या डोक्यात घातला आणि तो मेला. प्रेत वूला पाठवलं. ल्यू पीने ते परत पाठवलं. म्हणाला, सगळं एकाच कुळाचं राज्य आहे, छांगआनला मेला तर छांगआनलाच पुरा, इकडे कशाला आणता? त्यानंतर तो आजाराचं कारण सांगून दरबारात जायचा बंद झाला. वन-तीने समजूतदारपणा दाखवला. म्हाताऱ्या माणसाला देतात तशी टेकायची बैठक आणि काठी पाठवली, दरबारात यायची गरज नाही असं कळवलं. पण पट मारणारा तो युवराज पुढे जिंग-ती म्हणून गादीवर आला, आणि त्याच्या मंत्र्याने वूचे प्रांत छाटायला घेतले. ल्यू पीने हुकूम काढला : मी ६२ वर्षांचा आहे आणि स्वतः निघालो आहे, माझा धाकटा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि तोही पुढे निघाला आहे, या दोन वयांमधल्या सगळ्या पुरुषांनी निघावं. दोन लाखांवर माणूस जमला, एका राज्यासाठी तो प्रचंडच.

गोदातीर, मला विचारायचंय ते हे. वन-तीने वीस-बावीस वर्षं हा माणूस सांभाळला. तो म्हातारा होता, आणखी दहा वर्षांत आपोआप गेला असता. मग छाओ छुओची घाई चुकली असं नाही का वाटत? त्याच्या स्वतःच्या बापाने त्याला येऊन सांगितलं होतं, ल्यू कुळ सुखरूप होईल पण आपलं कुळ बुडेल. आणि त्या बापाने विष घेतलं.

गोदातीर :

मृण्मयीताई, ल्यू पीची बाजू तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मांडलीत.

छाओ छुओबद्दल : माणूस म्हणून त्याच्यावर घोर अन्याय झाला. "छाओ छुओला मारा" एवढंच बंडखोरांनी मागितलं म्हणून युआन आंगच्या सल्ल्याने सम्राटाने त्याला दरबारी पोशाखातच पूर्वेच्या बाजारात नेऊन कापलं. बंड थांबलं नाहीच. रणांगणावरून आलेल्या दंग नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला तोंडावर सांगितलं की वूची तयारी कित्येक दशकांची आहे, छुओ हे निमित्त होतं, त्याला मारून तुम्ही आपल्याच निष्ठावंतांची तोंडं बंद केलीत. सम्राट बराच वेळ गप्प राहिला आणि मलाही पश्चात्ताप होतो म्हणाला.

पण घाई चुकली का? मला नाही वाटत, आणि त्याचं कारण ल्यू पीच्या वयात नाही. ज्या यीची फाळणी दहा वर्षांपूर्वी झाली होती आणि तिचं फळ १५४ मध्ये पिकलेलं होतं. बघा, छीचे जे तुकडे झाले त्यांतले चार बंडात गेले, पण मूळ छीचा राजा ऐन वेळी कचरला. मग त्या चौघांनी काय केलं? पश्चिमेला छांगआनवर चालून जायचं सोडून आपल्याच भावाच्या लिंझी शहराला वेढा घालून बसले आणि तीन महिने तिथेच अडकले. अखंड छी एका राजाच्या हातात असतं तर ते सैन्य वूच्या सैन्याला जाऊन मिळालं असतं.

ह्वायनानची गोष्ट तर पाठ करून ठेवावी अशी आहे. तिथल्या राजाला बंडात जायचं होतं. दरबाराने नेमलेला त्याचा प्रधान म्हणाला, महाराजांचा निश्चयच असेल तर सेनापती मला करा. राजाने सैन्य त्याच्या हाती दिलं. प्रधानाने ते घेतलं, शहराचे दरवाजे लावून घेतले आणि ठाणं हानसाठी राखलं. राजा आतल्या आत हात चोळत बसला. उलट छू आणि झाओच्या राजांनी विरोध करणाऱ्या प्रधानांना आधी ठार मारलं आणि मगच ते बाहेर पडू शकले. म्हणजे बंड करायचं तर दरबारी प्रधानाचा अडथळा पहिला. इ.स.पू. १४५ चा नियम याच अनुभवातून आला, असं मी समजतो : एक प्रधान एवढं करू शकतो तर सगळेच अधिकारी आपले का नसावेत?

लढाईचं श्रेय मात्र हानच्या सेनापतीला, जोउ याफूला, द्यावं लागेल. ल्यांगचा राजा, सम्राटाचा सख्खा भाऊ, स्वेयांगमध्ये कोंडला होता आणि मदतीसाठी निरोपावर निरोप पाठवत होता. सम्राटाने हुकूम दिला तरी जोउ याफू जागचा हलला नाही. त्याने ह्वाय आणि स नद्यांच्या संगमाजवळ वूच्या रसदेची वाट कापली. उपाशी सैन्य फुटलं.

काठावरचा :

धागाकर्त्याशी निम्मा सहमत. चिन बुडालं ते माणसांच्या तुटवड्यामुळे, हा सूर मला मान्य नाही.

थांग काळातला ल्यू ज़ोंगयुआन (मृत्यू इ.स. ८१९) याने याचा फार स्वच्छ विचार केला आहे. तो स्वतः राजधानीतून हद्दपार होऊन दक्षिणेच्या जिल्ह्यांत अधिकारी म्हणून राहिलेला, त्यामुळे प्रांतांचा कारभार त्याने आतून पाहिला होता. तो विचारतो, चिनच्या अखेरीला बंड कुणी केलं? प्रजेने. अधिकाऱ्यांनी नाही. हानमध्ये कुणी केलं? राज्यांनी. प्रांतांनी नाही. थांगमध्ये कुणी केलं? सेनापतींनी. जिल्ह्यांनी नाही. मग प्रांतांच्या पद्धतीला दोष का देता? चिनचा दोष राजकारणात होता, राज्यपद्धतीत नव्हता. वेठ, भिंत, राजवाडे, थडगं, यांनी लोकांचा अंत पाहिला.

आणि हो, चिनविरुद्ध पहिलं बंड पुकारणाऱ्या छन शंगची ती प्रसिद्ध कथा. नऊशे वेठवाले सरहद्दीकडे निघालेले, पावसाने रस्ता बंद, उशीर झाला तर देहदंड, म्हणून बंड. १९७५ मध्ये श्वेहूदी इथे एका चिन अधिकाऱ्याच्या थडग्यात कायद्याच्या पट्ट्या निघाल्या. त्यात वेठीवर उशिरा पोचणाऱ्यांना शिक्षा अशी : तीन ते पाच दिवस उशीर, तर समज. सहा ते दहा दिवस, तर एका ढालीच्या किमतीचा दंड. त्याहून जास्त, तर एका चिलखताचा. पावसामुळे काम अडलं तर वेठ माफ. हे नियम स्थानिक वेठीचे आहेत, सरहद्दीच्या लष्करी कामगिरीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. तरी चिन कायदा म्हणजे नुसता कुऱ्हाडीचा घाव हे चित्र सोडायला हवं. त्या राज्ययंत्रात बारकावा होता. हान घराण्याने तेच यंत्र, तेच कायदे जवळजवळ उचलले.

गोदातीर :

काठावरचा, तुमचा आणि माझा वाद वाटतो तेवढा मोठा नाही. प्रांतपद्धत चुकीची होती असं मी म्हणत नाही, ती अकाली होती. पश्चिमेच्या चिन मुलखात शांग यांग या जुन्या मंत्र्याच्या सुधारणांना सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, लोक दंड, हजेरी, पाच-पाच घरांची एकमेकांवर जबाबदारी यात मुरले होते. छूच्या माणसाला तेच नियम एका रात्रीत लागले, तेही परक्या बोलीत बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडून. बंड सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात छूच्याच मुलखात पेटलं. छन शंगने आपल्या राज्याचं नाव 'विस्तारलेलं छू' ठेवलं, श्यांग यू छूचा, ल्यू बांगही छूच्याच भागातला. प्रजेनेच बंड केलं हे खरं, पण ती कुठली प्रजा हेही पाहायला हवं. पूर्वेला छू-छीच्या चालीरीतींनी चालणारे राजे ठेवून हानने ही धग दोन पिढ्या खाली येऊ दिली.

सह्यवेडा :

वाचताना आपल्याकडचं सरंजाम-वतनाचं प्रकरण डोळ्यांपुढे येत राहिलं. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे, आणि राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीच्या त्या धामधुमीत, माणसं टिकवायला वतनं-सरंजामांची आश्वासनं द्यावीच लागली. ल्यू बांगची शिंगयांगची अडचण काही फार वेगळी नव्हती. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गोदातीर :

सह्यवेडा, अडचण सारखी, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे सरंजाम लढणाऱ्या सरदारांकडे राहिले. हानने लढणारे सरदार सात वर्षांत काढले आणि मुलूख स्वतःच्या घरात वाटला. त्यामुळे पुढचा सगळा झगडा एकाच कुळाच्या आत झाला, आणि म्हणूनच वारसाहक्काचा नियम बदलून तो मिटवता आला. यावर वेगळा धागा काढाच, मी येतो.

वाचनवेडी :

खूप दिवसांनी असा धागा वाचला. मला शेवट विचारायचाय. राजे रिकामे केले, ठीक. पण मग इ.स. ९ मध्ये वांग मांग नावाच्या सासुरवाडीच्या मंत्र्याने गादी बळकावली तेव्हा ल्यू कुळातलं कुणी आडवं का आलं नाही? पांढऱ्या घोड्याची शपथ कुठे गेली? ज्यांनी घराणं राखायचं त्यांनाच हात बांधून बसवलं, असं नाही का झालं? पुढे वेई घराण्याने राजपुत्रांना नजरकैदेसारखं ठेवलं आणि सिमा कुळाने गादी घेतली. त्यावरून धडा घेऊन सिमा कुळाच्या जिन घराण्याने राजपुत्रांना सैन्यं दिली, तर २९१ ते ३०६ आठ राजपुत्र एकमेकांत लढले आणि ३११ मध्ये लोयांग पडलं. मग यात बरोबर काय होतं?

शिलालेख :

वाचनवेडी, वांग मांगच्या वेळी राजांची स्थिती काय होती ते आधी बघा. वू-तीने इ.स.पू. ११२ मध्ये एकाच वेळी १०६ सरदारांच्या पदव्या काढल्या, कारण पूर्वजांच्या पूजेसाठी दिलेलं सोनं वजनात किंवा कसात कमी भरलं. राजाकडे नोकरी धरणं कमीपणाचं ठरवणारा कायदा झाला. इ.स.पू. १०६ मध्ये १३ विभागांवर तपासनीस नेमले, ज्यांचा दर्जा ६०० शी धान्याचा (शी हे धान्याचं माप, पगार आणि दर्जा त्यात मोजत), आणि ते तपासणार २००० शी दर्जाच्या कारभाऱ्यांना. हा लहानाकडून मोठ्यावर नजर ठेवण्याचा प्रकार मला विलक्षण वाटतो : लहान अधिकाऱ्याला गमवायला थोडं आणि मिळवायला पुष्कळ, तो तपासात कसूर करत नाही. राजांना उरला फक्त शेतसारा. हानकाळातला इतिहासकार सिमा छियान लिहितो की गरीब राजे बैलगाडीतून फिरू लागले. चीनमध्ये त्या काळी प्रतिष्ठित माणूस घोड्याच्या रथात बसे.

श्रीमंती मात्र काहींची टिकली. जोंगशानचा राजा ल्यू शंग, ज्याला १२० हून जास्त मुलगे होते म्हणतात, तो इ.स.पू. ११३ मध्ये गेला. १९६८ मध्ये मानछंगला त्याचं थडगं उघडलं तर अंगावर २,४९८ जेडच्या तुकड्यांचा, सोन्याच्या तारेने शिवलेला पोशाख. याच राजाने एकदा सम्राटाच्या मेजवानीत संगीत ऐकता ऐकता रडून तक्रार केली होती की दरबारी अधिकारी आमची बारीकसारीक चूक उकरतात, आमच्या नोकरांना मारून आमच्याविरुद्ध साक्ष काढतात. अशा लोकांकडून इ.स. ९ मध्ये लढायची अपेक्षा कशी करणार?

तरी एकजण आडवा आला होता. आनजोंगचा सरदार ल्यू छोंग, इ.स. ६ मध्ये. शंभरेक माणसं घेऊन वान शहरावर चालून गेला. आतही शिरता आलं नाही.

काठावरचा :

जिनबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. तिथे जहागिरीमुळे नव्हे, तर राजपुत्रांना मोठमोठ्या लष्करी विभागांचं सेनापतीपद दिल्यामुळे आग लागली. जहागिरीचं स्वतःचं सैन्य मोठ्या राज्यालाही ५,००० च होतं. हान राजवटीच्या शेवटीही हेच घडलं. इ.स. १८८ मध्ये ल्यू यानच्या सूचनेवरून तपासनिसांच्या जागी पूर्ण अधिकाराचे विभागप्रमुख नेमले, कर आणि सैन्य एकाच हातात आलं, आणि त्यांतूनच तीन राज्यांच्या काळातले सुभेदार-राजे निघाले. ते दरबाराने नेमलेले अधिकारीच होते. म्हणजे केंद्राने नेमलेला माणूसही जहागीरदार होऊ शकतो, त्याला कर, सैन्य आणि मुदत या तीनही गोष्टी मिळाल्या की.

गोदातीर :

काठावरचा, हे शेवटचं वाक्य मी पूर्ण स्वीकारतो. माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं.

वाचनवेडी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते छांगशाहून येतं. वर शिलालेख यांनी दहा घोड्यांचा अर्ज सांगितला, तेच दमट छांगशा. तिथलं जुनं परकं कुळ इ.स.पू. १५७ मध्ये वारसाअभावी संपलं. मग जिंग-तीने तिथे आपला मुलगा ल्यू फा बसवला. त्याची आई दासी, लाड नसलेली, म्हणून मुलाला तो गरीब, ओलसर कोपरा. 'कृपेच्या विस्तारा'त ल्यू फाच्या एका धाकट्या मुलाला छोंगलिंग नावाचं छोटं सरदारपद मिळालं. जागा इतकी रोगट की पुढच्या एका वंशजाने अर्ज करून घराणं उत्तरेला नानयांगमध्ये हलवून घेतलं. पिढीगणिक वाटे पडत गेले. धाकट्यांच्या शाखा तालुक्याच्या अधिकारपदापर्यंत आणि शेतीपर्यंत उतरल्या. अशाच एका शाखेतला ल्यू श्यू हा नांगर धरणारा, दुष्काळात वानच्या बाजारात धान्य विकणारा माणूस. इ.स. २२ मध्ये भावाबरोबर तो वांग मांगविरुद्ध उठला, २५ मध्ये हान गादीवर बसला, लोयांगला राजधानी केली आणि घराणं आणखी जवळजवळ दोनशे वर्षं चाललं.

त्या हुकुमाने राजांना दुबळं केलं, पण ल्यू कुळ शेकडो तालुक्यांत पेरलंही. राजवाड्यातले राजे वांग मांगपुढे शिक्के ठेवून मोकळे झाले. शेतावरचे ल्यू मात्र आपल्या गावकऱ्यांना, सोयऱ्यांना आणि कुळांना घेऊन उभे राहिले. जूफू यानच्या मनात हे मुळीच नसणार. तो तर हुकुमानंतर वर्षभरातच छीच्या राजाच्या आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबासकट मारला गेला.

सम्राट झाल्यावर ल्यू श्यूने मुलांना राजे केलं, पण सत्ता दिली नाही. आणि इ.स. ३० मध्ये, वर्षानुवर्षांच्या लढायांनी मुलूख ओस पडलेला असताना, त्याने ४०० हून जास्त तालुके एकमेकांत विलीन करून अधिकाऱ्यांच्या दहा जागांमागे एकच ठेवली.